लगतच्या वस्तीवर होणारा परिणाम

पुणे,
दि. ९ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. चांगुणास,
राधाकृष्णदादाचे अनेक आशीर्वाद.

यंदाही भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू गाल फुगवून बसली असशील. पोस्टानं पातळ पाठवलं होतं, ते मिळालं का? रंग तुझ्या वहिनीनं, विमलनं निवडला आहे, तेव्हा नावं ठेवायची तर तिला ठेव.

मी कामात गळ्यापर्यंत बुडालो आहे. आमची कचेरी शहरं कुठं आणि कशी वाढवावीत याचे सल्ले देते, हे तुला मागं सांगितलंच होतं. परवा टेबलावर नगर शहराबाहेरच्या माळाचा नकाशा आला. बघता बघता एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘नळवस्ती’ लिहिलेलं दिसलं. अकरा घरांचे अकरा ठिपके. म्हटलं, यातल्या एका ठिपक्यात आमची चांगुणा भाकरी थापत असेल. खरं सांगतो, जीव हरखला.

मग वाटलं, लग्नाला सात वर्षं झाली तरी बहिणीचं सासर आपण नीट पाहिलेलं नाही. तर मला सगळं लिही. पाणी कुठून आणता? तुमची बारव उन्हाळ्यात टिकते का? गुरं कुठं चरतात? माळावर झाडं किती? तू कर्जतच्या शाळेत सातवीला पहिली आली होतीस, दोन पानं लिहायला जड जाऊ नये. शाईनं लिही, पेन्सिलीनं नको. कारभारीरावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा दादा,
राधाकृष्ण

---

नळवस्ती, नगर
ता. २४ नोव्हेंबर १९७१

ती. दादास,
चांगुणाचा नमस्कार.

पातळ मिळालं. वहिनीची निवड झ्याक हाय. तुजी असती तर तपकिरी आलं असतं, हे मला ठाव हाय. तू सगळ्या जगाची गावं वाढवाया निगालास आन् सख्ख्या बहिनीच्या गावाला यायला तुला सवड न्हाई. पर तू इचारलंस ह्याचंच मला लई बरं वाटलं. कुनी इचारतं का रे असं? आबा गेल्यापास्नं माह्यारचं कुनी खुशाली बी इचारीत न्हाई.

तर आमच्याकडं पानी मुबलक हाय. बारव बारमाही हाय. जुन्या बादशाही वक्ताचा खापरी नळ हाय, भाजलेल्या मातीच्या नळ्यांचा, त्यो माळाच्या पोटातनं येतो आन् आमच्या बारवेत उतरतो. शेकडो वर्सं झाली म्हनं, पर धार बंद न्हाई. उन्हाळ्यात बी कमी पडत न्हाई. मी रोज आंगुळीला दोन घागरी घेते, सासूबाई राहीबाई कधी बोलत न्हाईत. गुरं माळावर चरत्यात, पर बांधाला बी चारा हाय. झाडं हायती, बाभळी, लिंब, चार चिंचा. काय बी उनं न्हाई. आईला वाचून दाखव.

तुज्या मेव्हन्यांचा सोभाव तुला म्हाईत न्हाई, म्हनून एक गंमत लिवते. मागल्या साली भिंगारच्या बाजारात बन्सी म्हनून गुरांचा दलाल हाय, त्यो ह्यांना चारचौघात म्हनला, नळवस्तीचे लोक बाजाराला कशाला येत्यात, तर तोंड धुवाया. ह्यांनी त्याला मनगटाला धरून घरी आनला. अंगनात दगडावर बसवला आन् त्याच्या अंगावर सहा घागरी वतल्या. धोतरासकट. बन्सी कुडकुडतोय आन् समदी वस्ती हसतिया. आमच्या घरच्या पान्याला कुनी नाव ठिवलं की ह्यांना काय सुदरत न्हाई बग. बाकी मानूस देवाघरचा हाय.

तुजी,
चांगुणा

---

पुणे,
दि. १९ जानेवारी १९७२

चि. सौ. चांगुणास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मला किती उपयोग झाला म्हणून सांगू. आता कामाचं काय ते सांगतो. तुमच्या वरच्या अंगाला जो माळ आहे तिथं चारशे घरांची नवी वसाहत होणार आहे. पक्के रस्ते, गटारं, दिवे. कर्ज देणाऱ्यांची अट अशी की वसाहतीनं भोवतालच्या जमिनीवर, पाण्यावर, चराईवर काय परिणाम होईल याचं टिपण आधी करून द्यायचं. ते काम माझ्याकडं आलं. अशी टिपणं आपल्याकडं अजून कुणी फारशी केलेली नाहीत, त्यामुळं साहेब खूश आहेत.

त्यात एक रकाना होता, ‘लगतच्या वस्तीवर होणारा परिणाम’. तो तुझ्या पत्रावरून भरला. वस्तीला पाणी मुबलक, चारा बांधावर उपलब्ध, सबब परिणाम नगण्य. पत्र पुरावा म्हणून मागं जोडलं आहे, बन्सीच्या आंघोळीसकट. साहेब हसून हसून बेजार झाले. बघ, तुझं अक्षर सरकारी कागदाला लागलं.

आता तुझ्या दारात शहर येईल. दूध विकायला भिंगारला जायला नको. मुलांना शाळा जवळ होईल. भावानं एवढं केलं, आता तरी फुगू नकोस.

तुझा,
दादा

---

नळवस्ती
ता. ६ मार्च १९७२

दादा,

नमस्काराला हात जोडते, पर आज बाकी काय लिवत न्हाई, येकच लिवते. म्या तुला खोटं लिवलं हुतं.

काल मानसं आली, त्यांनी माळावर चुन्याची फक्की मारली, खुट्या ठोकल्या. मोठ्या गटाराचा चर खापरी नळाच्या बरूबर डोक्यावरनं जातोय. नळ जमिनीत पुरुषभर बी खोल न्हाई. त्यो तुटला तर आमची वस्ती संपली.

बारवेत बोटायेवढी धार येती, दादा. अकरा घरं तिच्यावर हायती. पाळी लावल्याली हाय. पावसाळ्यात घराला चार घागरी, होळी झाली की दोन. दोन घागरीत आमी सात मानसं आन् तीन जनावरं. मी आंगुळ करते शुक्रवारी. बन्सीला आंगुळ घातली, ती तीन घरांची पाळी उसनी घिऊन घातली, आन् मग तीन दिस आमी भांडी राखेनं पुसली. ते तुला लिवलं न्हाई. गमतीचं तेवढं लिवलं.

आता तू म्हनशील, खोटं का लिवलंस. सासरी पानी पुरत न्हाई असं कुनी माह्यारी लिवतं का? आईनं मला गाडीत बसवताना कानात दुसरं काय सांगितलं न्हाई, सासरचं उनं उंबऱ्याच्या भाईर काडू नको म्हनली. आन् पत्र आईला वाचून दाखव असं म्याच लिवलं हुतं. तू भाऊ म्हनून इचारलंस, म्या बहीन म्हनून सांगितलं. कचेरी इचारतिया असं लिवलं असतंस तर म्या येगळं सांगितलं असतं.

तू साहेबाला सांग. लई अवघड न्हाई. चर दोनशे पावलं वरनं न्या म्हनावं, नळ वाचंल. आन् तू स्वता ये, बारवेत वाकून बग. घरात हे कुनाला म्हाईत न्हाई की माज्या पत्रावरनं झालं. उत्तर बिगीनं धाड.

चांगुणा

---

पुणे,
दि. ३ एप्रिल १९७२

चि. सौ. चांगुणास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप लागली नाही असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण मी तुझ्यासारखं लिहीत नाही. मला राग आला. सख्ख्या भावाला खोटं लिहायचं आणि मग त्यानं डोकं आपटून घ्यायचं, हा कुठला न्याय? टिपणावर सह्या झाल्या, ते वर गेलं, मंजूर झालं. आता मी उठून साहेबांना काय सांगू? माझी बहीण खोटारडी आहे असं?

आणि एक गोष्ट फक्त तुला सांगतो. टिपणात ‘समक्ष पाहणी केली’ असा शेरा आहे. मी नगरला आलो नव्हतो. विमलची तब्येत तेव्हा बरी नव्हती, आणि तुझं पत्र इतकं तपशिलाचं होतं की जायची गरज वाटली नाही. हे उघडं झालं तर माझी नोकरी जाईल. तुला भावाची नोकरी घालवायची आहे का? नाही ना?

मार्ग आहे, तो कायदेशीर आहे. जूनमध्ये आमचे साहेब नगरला येऊन हरकतींची सुनावणी घेतील. वस्तीनं अर्ज करावा. तू तोंडानं सांग की पत्रात चूक झाली. त्यात माझं नाव काढू नकोस. साहेब ऐकतील. वस्तीतर्फे कोण कोण बोलणार? कारभारीराव बोलणार असतील तर मला आधी कळव, म्हणजे मी इकडून थोडी वाट सोपी करून ठेवतो.

तुझा,
दादा

---

नळवस्ती
ता. १७ जून १९७२

दादा,

तुला कळवलं हुतं की हे बोलनार हायती. परवा सुनावनी झाली. तुला साहेबाकडनं कळलंच आसंल, तरी माज्याकडनं ऐक.

अकरा घरचे गडी, मी आन् सासूबाई, असे आमी चालत गेलो. दुपारी नंबर आला. टेबलामागं साहेब, बाजूला दोन कारकून. साहेबांनी अर्ज वाचला आन् मग फायलीतनं माजं पत्र काडलं. मोठ्यानं वाचलं. मुबलक हाय, बारमाही हाय, आंगुळीला दोन घागरी. सासूबाईंनी माज्याकडं बगितलं. मग समद्यांनी बगितलं. तवर वस्तीत कुनाला म्हाईत नव्हतं की असं कायतरी पत्र हाय.

म्या उठले. म्हनलं, साहेब, ते खोटं हाय. म्हनले, अक्षर तुमचं न्हाई का? म्हनलं, अक्षर माजं हाय, पानी खोटं हाय. का खोटं लिवलं? म्हनलं, माह्यारी लाज वाटती म्हनून. दोन घागरीत सात मानसं कशी भागवतो ते समदं सांगितलं. दादा, पुरुषांच्या कचेरीत माज्या घरच्या आंगुळीचा वार म्या सांगितला. जीब झडली न्हाई येवढंच.

साहेबांनी मला फुडं काय बी इचारलं न्हाई. बारव किती खोल, धार केवढी, नळ कुठनं येतो, काय न्हाई. ह्यांच्याकडं वळले आन् हसून म्हनले, काय कारभारी, बाईला आंगुळीला पानी देत न्हाई म्हनं तुमी? आठवड्यातनं येकदा? कारकून खुदूखुदू हसले. आपल्यातलं बी कोन तरी हसलं.

ह्यांच्या कपाळाची शीर उडाया लागली. म्या पदर तोंडात धरला. मनात म्हनलं, पाया पडते, आता बोलू नका. हे उठले. म्हनले, आमच्या घरात पान्याला तोटा कधी पडला न्हाई न् पडनार न्हाई. बाईमानसाचं काय ऐकता? तुमी या घरी, आंगुळ घालून धाडतो. साहेब म्हनले, बास, येवढंच पायजे हुतं. कारकुनानं लिवून घेतलं, वाचून दाखवलं. ह्यांनी सही केली. लांबलचक सही केली, छाती काडून.

भिंगारच्या नाल्यापशी आल्यावर ह्यांना उमजलं. रस्त्यातच खाली बसले. बाकीचे गडी थांबले न्हाईत, फुडं निगून गेले. तवापासनं हे माज्याशी बोलत न्हाईत आन् माज्या हातचं पानी बी घेत न्हाईत. सासूबाईंच्या हातचं घेत्यात.

एक इचारते. त्या साहेबाला ह्यांच्या दुखन्यावर बरूबर बोट ठिवाया कुनी शिकवलं?

चांगुणा

---

पुणे,
दि. ११ ऑगस्ट १९७२

चि. सौ. चांगुणास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. इथंही पावसानं डोळे वटारले आहेत, भाजी मिळत नाही, विमल कंटाळली आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. आमच्या साहेबांनी मला विचारलं, तुमचे मेहुणे बोलायला कसे आहेत? मी म्हटलं, मानी आहेत, घरच्या पाण्याला नाव ठेवलेलं खपत नाही. यात खोटं काय? हे तूच मला लिहिलं होतंस, ते पत्रही फायलीतच होतं. मी कुणाच्या तोंडात शब्द घातलेले नाहीत. कारभारीरावांना ‘पाणी नाही’ एवढे दोन शब्द बोलता आले असते. नाही बोलले. आता यात माझा दोष कसा?

राग शांत झाला की तूच विचार कर. टिपण खोटं ठरलं असतं तर आज मी घरी बसलो असतो. तुझ्या भावाचा संसार वाचला, हेही तुझ्याच हातून झालं. मी काही उपकार विसरणारा माणूस नाही. वसाहतीच्या कोपऱ्यावर नळवस्तीसाठी एक सार्वजनिक नळ द्यावा अशी शिफारस मी स्वतःच्या सहीनं केली आहे.

राखीपौर्णिमा जवळ आली. राखी पाठवशील ना?

तुझा,
दादा

---

नळवस्ती
ता. २१ डिसेंबर १९७२

दादा,

राखी धाडली न्हाई. तुज्या पत्राला उत्तर बी धाडलं न्हाई. आज लिवते, कारन बायडाबाई दारात उबी हाय. शेजारीन हाय आमची. ती म्हनली, लिव तुज्या भावाला, मुबलक हाय म्हनून लिव. तिच्यासमोर लिवतिया.

पंधरा दिसांमागं चर खनताना पहार नळावर बसली. खापर फुटलं आन् पानी उसळलं. खननाऱ्या बाया वंजळीनं प्याल्या, तोंडं धुतली, पोरांना बोलवून पाजलं. वस्तीतनं आमी घागरी घिऊन पळालो, तर मुकादमानं हाकललं, कामात आडवं येऊ नका म्हनला. तीन दिस पानी माळावरनं वाहिलं आन् मुरमात जिरलं. चौथ्या दिशी त्यांनी नळाच्या तोंडात गोनपाट कोंबलं आन् वरनं शिमिट वतलं. पाचव्या दिशी बारवेतली धार थांबली. जुनं पानी आठ दिस पुरलं. काल तळाला चिखल लागला. आज चिखल फडक्यात घालून पिळला.

सुनावनीपास्नं पाळीत माजं घर शेवटाला टाकलं हुतं. मी गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. आता पाळीच उरली न्हाई, तवा आमी समद्या सारख्या झालो. बैलं आन् गाय छावनीत नेऊन बांधली. सासूबाई भिताडाला टेकून बसून असत्यात. दुष्काळी कामाची यादी भरली म्हनत्यात, म्हनून हे, मी आन् बायडाबाई तुज्या वसाहतीवर घमेली वाहतो. टँकर येतो तिथं. त्यो शिमिटासाठी हाय. आमाला दोन तांबे.

कोपऱ्यावरचा नळ म्हनला हुतास. मी चारी कोपरे फिरून आले. न्हाई.

चांगुणा

---

पुणे,
दि. २ मार्च १९७३

चि. सौ. चांगुणास,
आशीर्वाद.

तुझं डिसेंबरचं पत्र वाचून वाईट वाटलं. पण दुष्काळ साऱ्या मुलखावर पडला आहे, तो काही आमच्या चरातून आला नाही. खापराचा नळ आज ना उद्या फुटणारच होता. सार्वजनिक नळाचं काम दुसऱ्या टप्प्यात धरलं आहे.

आता आनंदाची बातमी. वसाहतीच्या कामावर देखरेख करायला माझी नेमणूक झाली, उन्हाळ्यात आम्ही नगरला येतो. तिथलं एक घर मला मिळालं आहे, पूर्वेच्या रांगेतलं सातवं. तीन खोल्या आणि ओटा. विमलला सातवा महिना लागला आहे. इतक्या वर्षांनी देवानं कूस उजवली. मूल याच घरात वाढेल. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायची आहे, आणि तेव्हा तू आत्या म्हणून पुढं हवीस.

मुकादमाकडून कळलं की तू कामावर चांगली आहेस. आधी मला त्याला नातं सांगायचा संकोच वाटला, पण मग सांगून टाकलं, आणि त्याचा फायदाच झाला. परवा आपल्या घराचा स्लॅब पडतो आहे. सिमेंटचं छत ओतलं की त्यावर मातीचे वाफे करून एकवीस दिवस पाणी भरून ठेवावं लागतं. त्यात कुचराई झाली तर वरून काही दिसत नाही, गिलावा होतो, रंग होतो, आणि पाच-सात वर्षांनी छत आतून सुटून एखाद्या दिवशी डोक्यावर येतं. मजूर बाया टँकरचं पाणी हंड्यांनी पळवतात हे मला ठाऊक आहे. म्हणून आपल्या छताचं पाणी फक्त तुझ्या हाती द्यायचं असं मी मुकादमाला बजावलं आहे. दुसऱ्या कुणी शिडी चढायची नाही. रोज चाळीस घागरी मोजून तुला मिळतील. चांगुणा, घरचं माणूस म्हणून एवढं कर. एक घागरसुद्धा इकडं तिकडं जाऊ देऊ नकोस. विमलचा जीव या घरात अडकला आहे.

सासूबाईंची तब्येत कशी आहे? त्यांना जप.

तुझा,
दादा

---

नळवस्ती
ता. २० एप्रिल १९७३

राजमान्य राजश्री राधाकृष्ण साहेब यांस,

तुमचं घर बांदून झालं. गिलावा झाला. आतनं पिवळा रंग दिलाय, लई सुबक दिसतं. मुकादम म्हनला, साहेबांना कळवा, म्हनून कळवते.

तुमच्या छताचं पानी माज्या हाती हुतं. तीन खोल्या, तीन वाफे. वर चढल्यावर मुकादमाला खालनं काय दिसत न्हाई. मी वाफ्यात वली गोनपाटं आंथरायची. कड वली ठिवली की खाली थेंब पडत्यात, मग त्यो समाधानानं बिडी वडीत बसतो. शिडी मागल्या अंगाला लावली हुती, मागं बायडाबाई उबी ऱ्हायची. तुमीच म्हनला हुतात दुसऱ्या कुनी चढू नये, तवा कुनी चढलं बी न्हाई.

पयल्या दिशी पानी घरी नेलं तवा सासूबाईंनी इचारलं, कुठनं आनलंस. म्हनलं, माह्यारचं हाय. त्या दोन तांबे प्याल्या आन् मग तोंडावरनं पदर घिऊन रडल्या. अकरा घरांनी पानी घेतलं. पोरांना घातलं, म्हाताऱ्यांना घातलं. सासूबाई आता उठून दारापत्तूर येत्यात. तुमी त्यांची तब्येत इचारली हुती.

म्या लबाडी केली न्हाई असं म्हनत न्हाई. पर समदंच पानी बी न्हेलं न्हाई. दोन खोल्यांना एकवीस दिस भरपूर पानी दिलं, वाफे तुडुंब ठिवले. तिथलं छत तुमच्या नातवंडांना पुरंल. येका खोलीला चार दिस दिलं आन् मग सोडून दिलं. आता तिन्ही खोल्यांना रंग येकच हाय. मुकादमाला न्हाई कळनार, तुमाला बी बगून न्हाई कळनार. कुठली खोली ते म्या वस्तीत कुनाला सांगितलं न्हाई. ह्यांना बी न्हाई.

वास्तुशांतीला येनार न्हाई. पत्र धाडू नका, म्या उघडनार न्हाई. तुमची पत्रं समदी चुलीत घातली. माजी तुमच्या फायलीत ऱ्हाऊ द्या.

वहिनी दीड महिन्यात बाळंत व्हतील. त्यांनी माजं काय वाकडं केलं न्हाई, म्हनून येवढं लिवलं. पाळना कुठल्या खोलीत टांगायचा ते तुमी ठरवा.

चांगुणा